समजुतीचा कागद

सुमीचे तेरावे झाले आणि दुसऱ्या सकाळी मी धरणगावहून धुळ्याच्या एसटीत बसले. आई स्टँडपर्यंत आली. "लोके काय म्हनतीन?" एवढेच तिने विचारले. मी खिडकीची काच ओढून घेतली.

सुमी माझी धाकटी बहीण. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, माहेरी आली, तेव्हा तिच्या अंगावर पट्ट्याचे वळ होते. लेकींनी झोके घ्यायचे ते दिवस, ती आतल्या खोलीत पडून राहिली. सण सरताच आई म्हणाली, "आखाजी व्हयनी, आते जाय तुन्हा घर." सासरचे न्यायला आले. दोन्हीकडच्या मोठ्यांनी ओसरीवर बसून समजूत काढली आणि आमच्याकडच्या रीतीप्रमाणे तिच्याकडून समजुतीचा कागद लिहून घ्यायचे ठरवले. घरात शिकलेली मी, अक्षरही माझेच चांगले. 'यापुढे माझी काही तक्रार राहणार नाही,' ही ओळ मी लिहिली. सुमीने सही केली. पावसाळा संपायच्या आत ती गेली. स्टोव्हचा भडका, असे तिकडचे सांगतात. मी ते एकदाही मान्य केलेले नाही.

आता मी धुळ्यात समुपदेशन केंद्रात काम करते. अर्ज, जबाब, तारीख, प्रोटेक्शन ऑफिसर हे माझे रोजचे शब्द झाले. मागच्या महिन्यात साक्रीकडची एक बाई आली, ओठ फाटलेला. सोबत तिचे काका.

"ताई, एक ओळ टाका, तक्रार नाही म्हणून. मी पोचवतो तिला सासरी."

"नाना, मारलं त्यानं. ओळ त्याच्याकडून घ्या."

"तुम्ही शिकलेल्या बाया घरं मोडता."

"मोडल्यावरच बाई इथवर येते, नाना. आपण तिलाच विचारू."

तिने पदराने ओठ टिपला. "माले जावानं नही."

मी ते जसेच्या तसे लिहून घेतले, तिला वाचून दाखवले. काका चपला घालून निघून गेले. मी त्यांना थांबवले नाही.

ती आता आमच्या निवाऱ्यात राहते. परवा भाकरी थापताना तिने विचारले, इथे किती दिवस राहिलेले चालेल. मी म्हटले, ते इथे कोणी मोजत नाही.

आई, तू निरोप पाठवतेस, घरी ये. मी घरीच आहे. सुमीला आपण जे दिले नाही, ते इथे मिळते, म्हणून मी याला घर म्हणते. आबा तुला अंगणात मारायचे, तेही मला आठवते. यावेसे वाटले तर ये. परत कधी जाणार, असे तुलाही कोणी विचारणार नाही.