तुरुंगभेट

कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला असताना आमच्या वर्गाला तुरुंग दाखवायला नेलं होतं. सरांच्या सांगण्यावरून आम्ही काळे कोट घातले होते. कच्च्या कैद्यांच्या बराकीत शिरताच जेवत बसलेले एक आजोबा ताट सारून उठले, घाईघाईनं सदऱ्याची बटणं लावली आणि मला हात जोडले.

"वकीलबाई, माझ्या जामिनाचं काही झालं का?"

"नाही आजोबा, आम्ही विद्यार्थी आहोत. नुसतं बघायला आलोय."

कुणाच्या तरी दुःखातूनच आमचा धडा तयार होतो, हे वर्गात कधी खटकलं नव्हतं. तिथं मात्र मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बघा की," आजोबा म्हणाले आणि आम्हाला सगळं नीट दिसावं म्हणून भिंतीला चिकटून उभे राहिले.