जास्वंदीचा खून

आमच्या दारातूनच हायवे जातो. आधीचा कुत्रा ट्रकखाली गेला, तेव्हा मी त्याला पोत्यात भरून घरी आणलं होतं. म्हणून आताच्या खंड्यासाठी विजेचं कुंपण आणलं. जमिनीत तार पुरायची, कुत्र्याच्या गळ्यात पट्टा घालायचा. तारेजवळ गेला की झटका बसतो.

"आधी स्वतःच्या गळ्यात घालून बघा," बायको म्हणाली.

मी पट्टा चढवला, रंगमंचावरच्या राजासारखा ऐटीत, तार पुरली होती त्या फाटकाजवळच्या जास्वंदीपर्यंत गेलो, आणि मानेवर कोयता बसावा तसा कोसळलो.

"अहो, खरंच मेलात की नाटक करताय?" म्हणत ती धावली.

खंड्या तिच्याआधी पोचला. मला मारणारा त्याला दिसेना. मग त्याने समोरच्या जास्वंदीवरच झडप घातली, फांद्या फाडल्या आणि ती मुळासकट उपटली. काठीने मारलं तर काठीमागचा हात तरी दिसतो. घाव हवेतून आला की दिसेल ते शत्रू होतं.

पट्टा काढून मी गवंड्याला फोन केला. भिंतच बांधायची ठरली. खंड्या अजून मेलेल्या जास्वंदीवर गुरगुरत होता, आणि तो झटका विकत आणणारा मी शेजारी बसून त्याची पाठ थोपटत होतो.