पिशवीवर जागा न्हाई

ज्योत्स्ना अक्काला मी पहिल्यांदा पाहिलं ते १९९६ साली, गुलबर्ग्याला धोंडप्पांच्या छापखान्यात. मी एकोणीस वर्षांची, अक्षरं काढायचं शिकायला आलेली, ती तिशीतली. एक गिऱ्हाईक आत आलं आणि तिला म्हणालं, "बाई, पाणी द्या. आन् आर्टिस्टला बोलवा."

अक्कानं पाणी दिलं, खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली नि म्हणाली, "बोला, काय काढायचंय?"

त्यानं धोंडप्पांकडं पाहिलं. "हीच की आर्टिस्ट," धोंडप्पा म्हणाले. तरी तो माणूस सगळं धोंडप्पांनाच समजावत राहिला. लिहून अक्का घेत होती. माझ्या कानशिलाला आग लागली होती. ती मात्र पेन्सिलीला टोक काढत बसली. पुढं कळलं, आठवड्यातून दोनदा तरी हे व्हायचंच.

अक्का मूळची मंठाळची, बौद्ध घरातली. वडील नरसिंग आणि आई पार्वतीबाई दुसऱ्यांच्या रानात राबायचे. पोरगी गुलबर्ग्याला चित्रकला शिकायला निघाली तेव्हा गावातल्या शहाण्यांनी विचारलं, "भिंती रंगवायलाबी कॉलेज लागायलंय का आता?" तिनं कमर्शियल आर्टचा डिप्लोमा घेतला. शेवटच्या वर्षाला वर्गात ती एकटीच मुलगी उरली होती. कन्नड, मराठी, इंग्रजी अक्षरं तिच्या हातात होतीच. उर्दू तिनं छापखान्यातल्या एका म्हाताऱ्या कातिबाच्या, म्हणजे उर्दू अक्षरं लिहून देणाऱ्याच्या, मागं लागून शिकून घेतली. अगरबत्तीचे पुडे, पापडाची पाकिटं, साबणाची वेष्टनं... गुलबर्ग्याजवळच्या आळंदच्या कुठल्याही दुकानात उभं राहिलं की एकेका फळीवर तिची चार-पाच कामं दिसायची.

त्यातलं सगळ्यात मोठं काम 'सूपवाली' तूरडाळीच्या पिशवीचं. ते मी येण्याआधीचं, १९९१ चं. सूप घेऊन डाळ पाखडणारी एक बाई. सावळी, हनुवटीवर तीन टिपक्यांचं गोंदण, उजव्या हाताचं पहिलं बोट वाकडं. ती पार्वतीबाई होती. विळ्यानं कापलेलं ते बोट पुन्हा कधी सरळ झालं नव्हतं.

डाळमिलचे सावकार चित्र बघून म्हणाले होते, "बाई जरा गोरी करा. ते गोंदण पुसा. शहरात विकायचंय आपल्याला."

"सावकार, तुमच्या मिलात गोऱ्या बाया पाखडायला येतेत का?" अक्कानं विचारलं.

धोंडप्पांना वाटलं, गिऱ्हाईक गेलं. पण सावकार हसले आणि तेच चित्र छापा म्हणाले. चोवीस वर्षं ती पिशवी हैदराबाद-सोलापूरपर्यंत गेली.

२०१५ साली सावकार नव्हते, धोंडप्पाही नव्हते. छापखाना बंद झालेला. अक्का घरीच कॉम्प्युटरवर कामं करायची. एके दिवशी सावकारांचा मुलगा प्रशांतकुमार याचा फोन आला. मी शेजारीच बसले होते.

"अक्का, आमचं जुनं चित्र पाठवलोय. चेहरा उजळ करा, हनुवटीवरचे डाग काढा, बोट सरळ करा."

"ते डाग न्हाईत, गोंदण हाय. आन् ते चित्र मीच काढलंय."

तो हसला. "कामून चेष्टा करायलाव? आमचे पप्पा मुंबईच्या आर्टिस्टकडून करून आणले होते ते. तुमच्याकडं पुरावा काय हाय?"

दुसऱ्या दिवशी अक्का मंठाळला गेली आणि पंच्याहत्तरीच्या आईला बसमध्ये बसवून घेऊन आली. आम्ही तिघी मिलच्या ऑफिसात गेलो. भिंतीवर त्या चित्राचा पुरुषभर उंचीचा फलक होता. अक्कानं आईला त्याच्याखाली उभं केलं आणि तिचा उजवा हात धरून वर उचलला.

कारकून उठून उभे राहिले. डाळ निवडणारी एक बाई दारातूनच ओरडली, "व्हय की! हीच हाय!"

प्रशांतकुमारनं घाईघाईनं शाल-नारळ मागवला, एका कारकुनाला फोटोसाठी मोबाइल काढायला सांगितला. पार्वतीबाईंनी शाल घेतली नाही.

"शाल राहू द्या, साहेब. माझ्या पोरीचं नाव कुटं लिवलाव?"

"आजी, पिशवीवर जागा न्हाई."

पिशवी माझ्यासमोरच होती. तिच्यावर परवाना क्रमांक होता, बारकोड होता, दोन फोन नंबर होते, डाळ शिजवायची रीत तीन भाषांत होती. एका बाईच्या नावाला तेवढी जागा नव्हती!

"मग ह्या चित्राला मी हात लावणार न्हाई," अक्का म्हणाली आणि आईला घेऊन बाहेर पडली.

बसस्टँडवर तिनं आईला बाकावर बसवलं. एवढंच बोलली, "माय आज पैल्यांदा स्वतःला एवढं मोठं बघितली."

चित्र दुसऱ्या कुणीतरी 'सुधारलं'. तीन महिन्यांनी नवी पिशवी आली. गोरीपान बाई, कोरी हनुवटी, कानात झुमके. सूप असं धरलेलं, जणू पाहुण्यांना चहाचा ट्रे आणलाय. आजही तीच विकली जाते.

गेल्या वर्षी अक्का गेली. भाऊ राजपाल यांनी वर्तमानपत्राला मजकूर स्वतः लिहून दिला होता, त्यात 'कमर्शियल आर्टिस्ट' असं स्पष्ट होतं. छापून आलं: 'ज्योत्स्ना यांचे निधन. त्या गृहिणी होत्या.' जिनं लग्नच केलं नाही, तीस वर्षं ब्रश नि माउसवर पोट भरलं, भावाची पोरं शिकवली, ती गृहिणी! मी वर्तमानपत्राच्या ऑफिसात फोन केला. तिथला माणूस म्हणाला,

"बाईच्या नावापुढं आम्ही तसंच टाकताव, मॅडम. पुढच्या वेळी काळजी घेऊ."

"पुढच्या वेळी? माणूस कितींदा मरतंय?"

त्यानं फोन ठेवला. मी पुन्हा लावला, दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन बसले, अर्ज दिला. दुरुस्ती आली नाही. तेव्हा मीच एक कागद छापून घेतला, चार लिपींत, माझ्या हातच्या अक्षरांत: 'ज्योत्स्ना नरसिंग, मंठाळ. कमर्शियल आर्टिस्ट.' आळंदला, गुलबर्ग्याला, जिथं जिथं तिची पाकिटं विकली जायची, त्या त्या दुकानाच्या दाराला मी तो स्वतः चिकटवून आले. दोघा दुकानदारांनी फाडला. त्यांच्या दारावर मी दुसरा लावला.