ड्रेसिंगवाल्या ताईंची रजा

आमच्या गल्लीतल्या दवाखान्याला आता चकचकीत काचा आल्या. पूर्वी तिथे स्पिरिटचा वास होता, एक डुगडुगतं स्टूल होतं आणि मलमपट्टी करणाऱ्या ताई होत्या. माझ्या पायाची जखम त्यांनीच बरी केली. ती भरल्यावरही मी लंगडत जातच राहिलो. कोणाच्या सुनेनं सासूला काय ऐकवलं, हे पट्टी गुंडाळता गुंडाळता कळायचं. असं औषध दुसरीकडे कुठे मिळणार?

मग डॉक्टरांना कुणीतरी अक्कल शिकवली. ताईंची नव्या करारावर सही घेतली गेली. त्या आता कर्मचारी नव्हेत, स्वतंत्र व्यावसायिक. म्हणजे पगारी रजा बंद. बाकी सगळं तेच: तोच पांढरा कोट, तीच सकाळची वेळ, उशीर झाला की तेच डोळे वटारणं.

त्यातच ताईंच्या लेकीचं पहिलं बाळंतपण आलं. लेक परगावी, घरात करणारं कुणी नाही.

"डॉक्टर, महिनाभर जाऊ का?"

"करारात रजा आहे का, ताई? नाही. मग कसं जाणार?"

ताईंचा चेहरा एवढासा झाला. मी स्टुलावर होतोच. गप्प बसेन तर मी कसला!

"डॉक्टर, त्या नोकर नाहीत म्हणून रजा नाही. मग जाऊ नका म्हणणारे तुम्ही कोण?"

"तुम्ही पाय वर घ्या!"

"घेतो. पण कागद वाचा की."

डॉक्टर तावातावानं वाचू लागले. 'कामाचे दिवस, वेळ व पद्धत त्या स्वतः ठरवतील' इथे आवाज बसला.

"मग जाऊ ना?" ताईंनी पुन्हा विचारलंच. जन्माची सवय हो!

"आता विचारता काय? जा!"

ताई गेल्या आणि पट्ट्या डॉक्टरांच्या हाती आल्या. चिकटपट्टीबरोबर माझ्या पायाचे केसही गेले. दुसऱ्याच दिवशी मी ठणठणीत बरा झालो.

ताई परतल्या, तेव्हा नातीची खबर घ्यायला मी हजर. डॉक्टरांचा नूर पार उतरलेला.

"ताई, तो करार फाडला. पुन्हा नोकरीत या."

"आधी रजेचं लिहा."

डॉक्टरांनी झरझर लिहिलं. ताईंनी कागद जवळ धरला, लांब धरला आणि परत दिला.

"हे फक्त औषधवाल्याला कळेल, डॉक्टर. माणसाला वाचता येईल असं लिहा."

आणि डॉक्टर पहिलीतल्या पोरासारखे एकेक अक्षर काढत बसले. ताई शेजारी उभ्या राहून काना-मात्रा तपासत होत्या.