मखमलचे डोळे

मी घर सोडलं तेव्हा रोवणी चालू होती, त्यामुळे मला निरोप द्यायला कुणाला सवड नव्हती. बाबांनी फटफटी काढली, माझी बॅग मागे दोरीनं आवळली आणि वडशाच्या स्टेशनाकडे जाताना आमच्या धानाच्या बांधीपाशी थांबले. माय चिखलात, बायकांच्या रांगेत होती. धान रोवणाऱ्या बायका लांबून सगळ्या सारख्याच दिसतात, नुसत्या पाठी. फटफटीच्या आवाजानं त्यातली एक पाठ सरळ झाली आणि माय हातातल्या रोपांच्या जुडीसकट बांधीच्या कडेला, धुऱ्यावर आली. चिखल माझ्या नव्या ड्रेसला लागू नये म्हणून तिनं मला कोपरानंच जवळ घेतलं. "तिकडं ताठ राय पोरी," ती म्हणाली, "कोनाच्या म्होरं वाकू नोको." मग परत गेली आणि स्वतः वाकली. फटफटी वळणावर आली तेव्हा मी मागे पाहिलं, तर त्या पाठींतली तिची कोणती ते मला सांगता येईना.

पुण्यात आमच्याकडून आलेल्या मुलामुलींचा एक ग्रुप आहे. कुणी जवसाच्या चटणीचा फोटो टाकतं, कुणी मोहफुलांचा, आणि खाली सगळे मिळून उसासे टाकतात. माझं त्या ग्रुपवर फारसं जमत नाही. मोहफुलांचा फोटो दिसला की मी फोन पालथा घालते. का, ते त्यांना आजवर सांगितलं नाही. आता सांगते, आणि गावात राहिलेल्यांनाही सांगते.

माझे बाबा झाडीपट्टीतल्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या नाटकांचे पडदे रंगवायचे. दिवाळीनंतर वडशाच्या नाटक मंडळ्या गावोगाव फिरायला लागतात, त्याआधीचे दोन महिने आमच्या अंगणात राजवाडे, देवळं, कोर्टकचेऱ्या वाळत पडलेल्या असायच्या. बाबांनी आयुष्यात राजवाडा पाहिला नव्हता, पण खांब असे काढायचे की त्याला टेकून बसावंसं वाटे. मी त्यांच्या हाताखालीच शिकले. त्यांचा एकच नियम होता. चित्रात माणूस असो, देव असो की जनावर असो, डोळे सगळ्यात शेवटी. "डोरे काढले का ते आपलं राह्यत नाई," ते म्हणायचे, "मंग ते पाह्यते. म्हनून आधी कुठी पाह्यन ते ठरवाव."

हे त्यांनी पडद्यांवरून शिकलेलं नव्हतं, वाघोबावरून शिकलेलं होतं. आमच्या गावच्या शिवेवर सागाची एक फळी रोवलेली आहे, तिच्यावर वाघ. पावसात रंग उडतो, म्हणून धान पिकायला लागलं की ती काढून आणायची, घरी नव्यानं रंगवायची आणि परत नेऊन उभी करायची. हे काम आमच्या घराकडे होतं. पण डोळे घरी काढायचे नाहीत. फळी शिवेवर, गावाकडे पाठ आणि जंगलाकडे तोंड करून रोवली की मगच बाबा गुडघ्यावर बसून डोळे काढायचे. वाघोबानं तिकडे पाहायचं, इकडे नाही. लहानपणी रंगाची वाटी धरायला मी सोबत जायचे.

पुण्यात अॅनिमेशनच्या कोर्सला पहिल्याच महिन्यात कळलं की मला मराठी येत नाही. मी "का"ऐवजी "काऊन" म्हटलं की वर्ग हसायचा, आणि जो हसला नाही तो मला दोनदा म्हणायला लावायचा. चित्र मात्र येत होतं, त्यामुळे टिकले. तिथं कॅरेक्टर डिझाइनच्या सरांनी पहिला धडा दिला तो सिल्हूटचा. कॅरेक्टर आतून पूर्ण काळं भरून टाकायचं आणि नुसत्या बाहेरच्या आकारावरून ते कोण आहे हे लहान पोरालाही ओळखता आलं पाहिजे. ओळखता आलं नाही तर चित्र नापास. मी दिवसभर तेच करायचे, माणसं काळी करून पाहायची. पहिल्या दिवाळीला असाइनमेंट होत्या म्हणून घरी गेले नाही.

मार्चअखेरीला माय पहाटे मोहफुलं वेचायला गेली आणि वाघानं तिला नेलं.

मी पोचले तेव्हा सगळं उरकलेलं होतं. जंगलखात्याचा एक भला माणूस आमच्या ओसरीवर बसून बाबांना समजावत होता. वाघ माणसाच्या वाटेला जात नाही, पण वाकून फुलं वेचणारी बाई त्याला मागून बाई दिसत नाही, जनावर दिसतं. उभ्या माणसाला तो सहसा धरत नाही. बाबा मान हलवत होते. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते आणि माझ्या डोक्यात सरांचा धडा चालू होता. माझ्या मायचं सिल्हूट वाघाला ओळखता आलं नव्हतं. मला ताठ राहायला सांगणारी बाई जन्मभर वाकूनच होती. रोवणीत, निंदणीत, मोहाच्या झाडाखाली.

पुढे कोर्स संपला, एका स्टुडिओत नोकरी लागली. आणि लहान मुलांच्या एका मालिकेचं काम आलं. त्यात हिरो वाघ. आमच्या हेडनं मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाला, "हा तुझा. तू तिकडचीच ना, वाघांच्या गावची." सगळे कौतुकानं बघायला लागले. ताडोबाची सफारी करून आलेल्या एकीनं, तुम्हाला तर रोज दिसत असेल ना गं, असंही विचारलं. मी हो म्हटलं. त्या टेबलावर मायला आणायची माझी इच्छा नव्हती.

मग मी वाघ काढला, आणि चांगला काढला, हे मला सांगितलंच पाहिजे. पोरांना आवडणारं कॅरेक्टर कसं करतात ते मला पक्कं ठाऊक होतं. सगळं गोल घ्यायचं, टोक कुठंच नाही. डोकं अंगाच्या मानानं मोठं, गाल बाळासारखे. पंजे मोठे पण नखं नाहीत. दात एकच, तोही पडायला आलेला. आणि डोळे. डोळे चेहऱ्यावर थोडे खाली, वाजवीपेक्षा मोठे, बुबुळात प्रकाशाचे दोन ठिपके, आणि नजर सरळ बघणाऱ्याकडे. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की हा फक्त माझ्याकडेच बघतोय. हेड म्हणाला, पोरांना याला कुशीत घेऊन झोपावंसं वाटेल. त्याचं नाव ठेवलं मखमल. तो चालला. दप्तरांवर आला, केकवर आला, उशांच्या अभ्र्यांवर आला. ऑफिसात माझ्यासाठी केक कापला तोही त्याच्याच तोंडाचा. मी एक कान खाल्ला.

बाबांना इतकंच माहीत होतं की पोरगी कार्टून काढते. कसलं, ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. फोनवर आम्ही धान, पाणी, तब्येत असं बोलायचो. त्यांनी पडदे घेणं कमी केलंय, एवढं शेजाऱ्यांकडून कळलं होतं.

गेल्या उन्हाळ्यात मी सुट्टी काढून घरी गेले. दार बंद. शेजारच्या काकू म्हणाल्या, तुहे बाबा शाळेवर आहेत, भिंत रंगवून राह्यले. शाळेची पुढची भिंत गावाच्या मुख्य रस्त्याकडे तोंड करून आहे, मोहाच्या जंगलात जाणारी वाटही तिच्यासमोरूनच निघते. मी वळणावर आले आणि जागेवरच थांबले. भिंतभर मखमल उभा होता. माझा. गोल डोकं, गोल पंजे, पडायला आलेला दात, आणि खाली ठळक अक्षरांत, "मी तुमचा मित्र, मला घाबरू नका." वन्यजीवांविषयी जागृती करायची म्हणून कुणीतरी जंगलाकडेच्या गावांतल्या भिंती रंगवायला काढल्या होत्या आणि स्टुडिओनं त्यांना मखमल दिला होता. आमच्या गावची भिंत, गावात रंगारी एकच, म्हणून बाबांना मिळाली होती.

बाबा स्टुलावर बसून ब्रश धूत होते. चित्र पूर्ण झालं होतं, फक्त डोळ्यांच्या जागी पांढरा चुना तसाच होता. ठेकेदाराचा सुपरवायझर त्यांच्या डोक्यावर उभा राहून कटकट करत होता. दोन दिवसांपासून हेच चाललं होतं म्हणे. मला पाहून त्यानं माझ्यापाशीच तक्रार केली, "ताई, समजवा यांना, दोन गोल काढायचे आहेत फक्त." मी त्याला चहा पिऊन यायला सांगितलं.

बाबांनी खिशातून घडी केलेला प्रिंटआउट काढला आणि माझ्या हातात दिला. "पाह्य बरं," ते म्हणाले, "तू याच धंद्यातली. हे कोनी काढलं असन?"

मी कागदाची घडी सरळ करत राहिले.

"हात शिकलेला हाये. पाह्य, पायावर वजन कसं धरलं," ते चित्रावर बोट फिरवत म्हणाले. "पन ज्यानं काढलं त्याच्या घरचं कोनी गेलं नसन."

"बाबा, ते मी काढलं," मी म्हटलं.

त्यांनी कागद माझ्या हातातून परत घेतला, पुन्हा पाहिला, भिंतीकडे पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते इतकंच म्हणाले, "इथी डोरे काढले तं हा सारा दिवस गावाकडं पाह्यन. त्या वाटेकडं पाह्यन." आणि मग माझंच टाळकं सरकलं. इतक्या वर्षांचं साचलेलं सगळं त्या एका भिंतीपुढे बाहेर आलं. मी म्हटलं, "तुमचा वाघोबा तं जंगलाकडं पाह्यत होता ना बाबा? तोंड तिकडंच होतं ना? मंग माय काऊन गेली?"

बाबा बराच वेळ ब्रश पुसत राहिले. कोरडा झाला तरी पुसत राहिले.

"त्या साली डोरे काढलेच नाई मी," ते म्हणाले. "तू पुण्याले गेली, म्हनून फीसाठी पडद्याचं काम जास्त घेतलं. वडशालेच राह्यत होतो. फळी रंगवून शिवेवर ठेवून आलो. डोरे मंग काढतो म्हटलं. मंग राह्यलं."

"बाबा, वाघाले फळी समजते का?"

"त्याले नसन समजत. मले समजते."

त्या दिवशी मला कळलं की त्यांनी पडदे का कमी केले. ज्या पडद्यात चेहरा आहे तो पडदा ते घेतच नव्हते. मायच्या मरणाचा ठपका त्यांनी स्वतःवर घेतला होता, आणि त्या ठपक्याचं दुसरं टोक माझ्या पुण्याच्या तिकिटाला बांधलेलं होतं. हे त्यांनी मला कधीच सांगितलं नसतं. मीच खोदून काढलं. माझा त्या फळीवर विश्वास नाही, आजही नाही. पण हे त्यांना पटवून देण्याइतकी त्यांच्याजवळ मी उरलेली नव्हते.

त्यांनी ब्रश माझ्या हातात दिला. "तुहा हाये," ते म्हणाले, "तूच काढ."

मी स्टुलावर चढले. ते डोळे मी झोपेतही काढू शकते. पण मी बुबुळं मध्ये घेतली नाहीत, पार कोपऱ्यात सरकवली, इतकी की मखमलची नजर गाव सोडून, वाट सोडून, शाळेच्या कडेच्या जंगलाकडे गेली. चेहरा हसरा तोच, पण तो आता कुणाकडेच बघत नव्हता. बाबा रस्त्यावर जाऊन उभे राहिले, वाटेच्या तोंडाशी गेले, परत आले. मग म्हणाले, "जमलं." माझ्या कामाला त्यांनी जमलं म्हटलेलं ते शेवटचं.

मी पुण्याला परतले आणि आठवड्यातच त्या भिंतीचा फोटो स्टुडिओच्या मेलवर आला. सुपरवायझरनं पाठवला होता. कॅरेक्टर ऑफ-मॉडेल आहे, ठरलेल्या नमुन्यासारखं नाही, नजर चुकली आहे, मुलांशी कनेक्ट होत नाही. हेडनं तो मोठ्या स्क्रीनवर लावला आणि सगळे हसले. गावच्या पेंटरनं आपल्या वाघाला तिरळा केला. मी म्हटलं, "ते डोळे मी काढलेत." हेडला वाटलं मी विनोद करतेय. मी पुन्हा म्हटलं, आणि या वेळी का काढले तेही सांगितलं, मायसकट. हेडनं फार मऊ आवाजात सांत्वन केलं, दोन दिवस सुट्टी घे म्हणाला, आणि मी सुट्टीवर असताना करेक्शन पाठवून दिलं. त्यासाठी माझी गरजही नव्हती. डोळे कुठं, केवढे, नजर कुठं, हे सगळं मॉडेल शीटवर होतं आणि खाली नाव माझंच होतं. चंद्रपूरहून एक पेंटर गेला आणि अर्ध्या दिवसात मखमलनं गावाकडे पाहिलं.

ती नोकरी मी सोडलेली नाही. लोकांना वाटतं सोडली असेल, गोष्टीत शोभलंही असतं. पण मला दुसरं काही येत नाही, आणि बाबांनी ज्याची एवढी किंमत मोजली असं त्यांना वाटतं, ते फेकून देण्याचा हक्क मला आहे असं मला वाटत नाही. सध्या मी एक अस्वल काढतेय.

बाबा आता शाळेवरून जात नाहीत. तलावावर जायचं असलं तरी बांधीच्या धुऱ्याधुऱ्यानं लांबचा फेरा घेतात. गावातल्या बायका मात्र फुलं वेचायला त्याच वाटेनं, मखमलच्या समोरूनच जातात. त्यांना दुसरी वाट नाही. शाळेतली पोरं मधल्या सुट्टीत त्याच्या पंजाला टाळी देतात, आणि त्यांना तो फार आवडतो.

पूर्वी फोन ठेवताना बाबा विचारायचे, घरी कधी येतेस. आता विचारत नाहीत. मागच्या वेळी मीच म्हटलं, दिवाळीला येते बाबा, फळी रंगवायला. वाटी धरते. मला वाटलं नको म्हणतील.

"ये," ते म्हणाले. "पन येशीन तवा मांगच्या वाटेनं ये. त्याच्या म्होरून येऊ नोको."

तर माझं घर आता असं आहे. ते आहे तिथंच आहे, दारही उघडं आहे. फक्त तिथं मागच्या वाटेनं जायचं, मी काढलेल्या डोळ्यांना न दिसता.