सुरुवात करून देणारं माणूस

"बाई, हा माणूस आळशी आहे. याच्यावर आणखी वेळ घालवू नका," सर्जन म्हणाले.

हा माणूस म्हणजे बाबूराव. फौजेतून निवृत्त झालेले, कवठे महांकाळकडचे शेतकरी. मोटारसायकलवरून पडले. डोक्याला मार बसला आणि पत्रा लागून उजव्या हाताच्या दोन बोटांचे टेंडन तुटले. टेंडन म्हणजे बोट ओढणारी दोरी. सर्जननी ती उत्तम शिवली होती. पण प्लास्टर निघाल्यावर व्यायाम केला नाही, तर ती आजूबाजूला चिकटते आणि बोट वळत नाही. बाबूरावांचं तेच होत चाललं होतं. सत्तरच्या दशकात मी सांगलीला एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होते, तेव्हाची ही गोष्ट.

"घरी व्यायाम केला?"

"न्हाई, बाई."

"विसरलात?"

"न्हाई की." त्यांनी सगळे व्यायाम बिनचूक करून दाखवले.

त्यांची बायको हौसाबाई रडवेली झाली. "आवं बाई, ह्ये आळशी न्हाईत. पडल्यापास्नं असं झालंय. वैरण टाका म्हटलं की टाकत्यात. म्हटलं न्हाई तर नुसतं बसून."

मी त्यांना डिपार्टमेंटच्या स्टोव्हवर चहा करायला सांगितला. "व्हय," म्हणाले आणि उभेच राहिले. "पाणी ठेवा." ठेवलं. पुन्हा थांबले. "साखर?" घातली. चहा फक्कड झाला, पण दर पायरीला मला बोलावं लागलं. काम आठवत होतं, जमतही होतं. सुरूच होत नव्हतं. आज याला 'एक्झिक्युटिव्ह फंक्शन' बिघडणं म्हणतात. तेव्हा मला हे नाव ठाऊक नव्हतं.

"हौसाबाई, व्यायाम तुम्ही सुरू करून द्यायचा. हुकूम सोडायचा."

"मी? ह्यास्नी?" तिनं तोंडाला पदर लावला. नवऱ्याचं नावसुद्धा न घेणारी बाई ती.

बाबूरावच म्हणाले, "सोड की. तू सुभेदार हाईस समज."

भिंतीकडं बघत ती पुटपुटली, "जवान... मूठ!"

मूठ वळली. अर्धीच, पण लगेच. बाबूराव हसले. मग तीही हसली.

पुढच्या खेपेला तिचा आवाज पार व्हरांड्यात ऐकू आला.

सुगीत बाबूरावांनी विळा धरून ज्वारी काढली. करंगळी थोडी वाकडी राहिली ती राहिलीच. आपणहून सुरुवात करणंही फारसं परत आलं नाही. "आता शेजारीण पन मला सुभेदारीण म्हन्ती," हौसाबाई लाजत म्हणाली.

"माझी शिलाईच चांगली होती," सर्जन म्हणाले.

"होती, सर," मी म्हटलं.

पण पुढं निवृत्त होईपर्यंत, नवा पेशंट आला की त्याची बोटं तपासण्याआधी मी विचारायची, "घरी तुम्हाला 'चला, करा' म्हणणारं कोण आहे?"