क्नाउस साहेबांच्या दारावरची पाटी

आमच्या इमारतीत तळमजल्यावर गेर्लिंडेबाई राहतात. वय ऐंशीच्या घरात, हातात कायम फडकं. जिना आणि समोरचा फुटपाथ भाडेकरूंनी आठवड्याच्या पाळीने झाडायचा, हा जर्मनीतल्या आमच्या श्वाबिया प्रांतातला रिवाज. ज्याची पाळी त्याच्या दाराला लाकडी पाटी. शनिवारी काम उरकलं की ती पुढच्या दाराला. सगळ्यात वर घरमालक क्नाउस साहेब राहतात. गावातला कारखानाही त्यांचाच, म्हणून पाटी त्यांचं दार टाळून फिरायची.

फुटपाथमध्ये दोन पितळी चौकोन बसवलेत. नाझींनी या घरातून नेलेली रोझा ओटेनहायमर आणि तिची मुलगी, यांची नावं आणि जन्म-मृत्यूची सालं त्यांवर आहेत. पाळी कुणाचीही असो, ते घासायच्या गेर्लिंडेबाईच.

मागच्या शरदात क्नाउस साहेबांनी नाकाखाली मिशीसारखा काळा कंगवा धरून, नाझी सलामीत हात ताठ वर करून काढलेला आपला फोटो इंटरनेटवर टाकला. खाली लिहिलं, कामगार सुट्ट्या फार मागतात, आता या मिशीवाल्या साहेबालाच परत बोलवतो. गाव खवळलं. चर्चच्या गायकांनी त्यांची देणगी परत केली, कामगार काम थांबवून कारखान्याच्या फाटकावर उभे राहिले. साहेबांचं उत्तर आलं, लोकांना विनोद कळत नाही.

त्या शनिवारी गेर्लिंडेबाईंची पाळी संपली. त्यांनी पाटी नेऊन थेट साहेबांच्या दाराला अडकवली. मी घाबरत म्हणालो, घर खाली करायला लावतील.

“लावू देत. पण आधी झाडू देत.”

साहेबांना पाटी काढून फेकता येईना. याच रिवाजावर दरवर्षी गावच्या जत्रेत ते भाषण ठोकत. पानं साचली. लोक मुद्दाम आमच्या गल्लीतून फिरायला जाऊन, काय ही घाण, असं त्यांच्या खिडकीखाली मोठ्याने म्हणू लागले. शुक्रवारी साहेबांनी ड्रायव्हरला झाडू देऊन पाठवलं. बाईंनी त्याला आत बसवून कॉफी आणि आलुबुखाराचा केक खाऊ घातला. झाडू दारातच राहिला.

शनिवारी साहेब स्वतः उतरले. पानं झाडली आणि जायला वळले.

“पितळ राहिलं, क्नाउस साहेब.” बाईंनी व्हिनेगर आणि मीठ पुढे केलं. “ही उशी घ्या, गुडघे दुखतील.”

समोरच्या सगळ्या खिडक्या भरल्या होत्या. साहेब गुडघ्यांवर बसले, घासू लागले, आणि मध्येच थांबले.

“ही पाच वर्षांची होती?”

“हो. कोपरे घासा.”

त्यांनी कोपरे घासले. संध्याकाळी फोटो गेला, त्या जागी माफी आली. घर खाली करायची नोटीस काही आली नाही. पाटी आता वरच्या मजल्यावरही चढते. पुढच्या पाळीला साहेब खाली आले ते स्वतःची उशी घेऊन.